मिडी असूनही सनईची घंटी का होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या संगणकावर संगीत कसे तयार करता येते, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्राने या विषयाला अर्धे पान द्यावे, याचा माझ्यासारख्या कीबोर्ड वाजवून पोट भरणाऱ्या माणसाला आनंदच आहे. मात्र मिडीची, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांना एकमेकांशी जोडणाऱ्या सामायिक भाषेची, सोय असलेला कोणताही कीबोर्ड कोणत्याही सॉफ्टवेअरशी जुळतो आणि एका यंत्रावर बांधलेले गाणे दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे वाजते, अशा आशयाचे जे विधान त्या लेखात होते, त्याचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा असला तरी उत्तरार्ध चुकीचा आहे. या दिवसांत अनेक पालक मुलांसाठी आणि अनेक शाळा स्नेहसंमेलनासाठी कीबोर्ड विकत घेतात, आणि त्यांनी या विधानावर विसंबून हजारो रुपये खर्च करू नयेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

परभणीत राहून मी गेली वीस-बावीस वर्षे लग्नाच्या हळदीपासून भीमजयंतीच्या कार्यक्रमांपर्यंत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि घरातल्या एका खोलीत संगणकावर गाण्यांचे ट्रॅकही बांधतो. मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडच्या एका गावी लग्न होते. मंगलाष्टकांच्या आधी सनईची एक धून आणि तिच्याखाली ढोलकीचा हलका ठेका अशी फाइल मी घरी तयार करून पेनड्राइव्हवर घेतली होती. ऐन वेळी जनरेटरच्या दाबातल्या चढउताराने माझा कीबोर्ड बंद पडला आणि साउंडवाल्याकडे असलेला दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड मला घ्यावा लागला. त्याने पेनड्राइव्ह लगेच ओळखला, पडद्यावर फाइलचे नाव उमटले, मी बटण दाबले, आणि अंतरपाट धरलेला असताना सनईच्या जागी किणकिण अशी छोटी घंटी वाजू लागली. ढोलकीच्या जागी बोंगो आला आणि जिथे जिथे ढोलकीची घुमारदार थाप यायला हवी होती तिथे तिथे फुटबॉलच्या पंचाची वाटावी अशी शिट्टी वाजली. वऱ्हाडी हसले, भटजी थांबले. घाईघाईने मी हाताने सनईचा टोन निवडला तरी षड्जावरून मध्यमापर्यंत सूर न तोडता ओढत नेणारी मींड रिषभावरच अडून बसली. स्वर सगळे बरोबर होते, लय तंतोतंत होती, एकही सूर गळला नव्हता, आणि तरीही ते माझे गाणे नव्हते.

त्या रात्री घरी येऊन मी फाइल उघडून पाहिली, तेव्हा दोष कोणत्याच यंत्राचा नव्हता हे ध्यानात आले. तिन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी होती, आणि मिडी म्हणजे काय व काय नाही हे त्या तिन्हींवरून चांगले कळते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जाते. अमुक क्रमांकाची पट्टी इतक्या जोराने दाबली, मग सोडली, पेडल दाबले, चाक फिरवले, एवढाच मजकूर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्या मजकुरावरून कोणता आवाज काढायचा हे घेणारे यंत्र ठरवते. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने जपानी व अमेरिकी कंपन्या या एका भाषेवर सहमत झाल्या, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यव्यापाऱ्यांच्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवण्यात आले. सेकंदाला ३१,२५० बिट्स हा तेव्हा ठरलेला वेग, सोळा चॅनेल आणि ० ते १२७ अशी मूल्ये आजही तशीच आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या संगणकाला जोडला तर तो सूर पाठवतो, यात नवल वाटावे इतका तो करार टिकाऊ ठरला. स्मिथ आणि काकेहाशी यांना त्यासाठी २०१३ मध्ये ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच होता.

परंतु त्या करारात आवाजांची यादी नव्हती. एका कंपनीच्या यंत्रात पाचव्या क्रमांकावर पियानो तर दुसरीच्या यंत्रात त्याच क्रमांकावर तुतारी, असा प्रकार पुढची सात-आठ वर्षे चालला. तो मिटवण्यासाठी १९९१ मध्ये जनरल मिडी, म्हणजे आम्ही ज्याला नुसते जीएम म्हणतो ते मानक आले. त्याने १२८ आवाजांना कायमचे क्रमांक दिले, दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखून ठेवला आणि त्या चॅनेलवर ३५ ते ८१ या पट्ट्यांना प्रत्येकी एक तालवाद्य नेमून दिले. त्या यादीत १०५ वर सतार आहे आणि ११२ वर आपली सनई आहे. पेटीचा क्रमांक नाही म्हणून आम्ही २१ क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवतो. १०६ वर बँजो आहे, पण तो अमेरिकी बँजो होय, आपल्या बँजो पार्टीतला टाइपरायटरसारख्या कळांचा नव्हे. नामसाधर्म्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याने मिरवणुकीचा अख्खा ट्रॅक त्यावर बांधला होता.

आता माझी सनई. कीबोर्डच्या पुस्तिकेत क्रमांक १ ते १२८ असे छापतात, पण तारेतून प्रत्यक्ष जाणारी संख्या ० ते १२७ असते. काही सॉफ्टवेअर पुस्तिकेप्रमाणे एकपासून मोजतात आणि काही शून्यापासून. माझे सॉफ्टवेअर शून्यापासून मोजणारे. मी पुस्तिकेत पाहून ११२ लिहिले, आणि शून्यापासून मोजल्यावर ११२ म्हणजे यादीतला ११३ वा आवाज, अर्थात टिंकल बेल. घरी हे मला कळले नाही, कारण घरच्या कीबोर्डवर मी बाहेरून येणारी टोन बदलण्याची सूचना बंद करून ठेवली होती आणि सनई हाताने निवडली होती. दुसऱ्याच्या कीबोर्डने मात्र सूचना निमूटपणे पाळली. एका आकड्याचा फरक, आणि तोही माझाच.

ढोलकीचे दुखणे याहून खोल आहे. जीएमच्या तालवाद्यांत बोंगो आहेत, कोंगा आहेत, टिंबाली, मराका, कुइका आहेत, म्हणजे क्युबा आणि ब्राझीलच्या वाद्यांची पंगत बसली आहे. तबला, ढोलकी, हलगी, संबळ यांतले एकही नाही. ज्यांनी यादी केली त्यांच्या बाजारपेठेचा तो हिशेब होता, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. भारतात खपण्यासाठी निघालेल्या कीबोर्डांत कंपन्यांनी भारतीय तालवाद्ये दिली आहेत आणि ती चांगलीही वाजतात, पण प्रत्येक कंपनीने ती आपापल्या सोयीच्या पट्ट्यांवर ठेवली. माझ्या कीबोर्डच्या संचात ढोलकीची मोकळी थाप ७१ क्रमांकावर आहे. त्या संचापर्यंत पोचण्यासाठी लागणारा बँकेचा, म्हणजे आवाजांच्या गटाचा, क्रमांक साउंडवाल्याच्या कीबोर्डला अनोळखी होता, म्हणून त्याने आपला नेहमीचा ड्रमसेट पुढे केला, आणि जीएमप्रमाणे ७१ क्रमांकावर शिट्टी असते. यंत्राने मानक पाळले म्हणूनच शिट्टी वाजली.

या बँकेच्या क्रमांकाविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण नवशिक्यांची सर्वाधिक फसगत तिथेच होते. १२८ आवाज अपुरे पडतात हे कंपन्यांना लगेच उमगले होते. रोलँडने १९९१ मध्येच जीएस नावाचा आपला विस्तार आणला आणि यामाहाने १९९४ मध्ये एक्सजी नावाचा. दोघांच्याही पायाशी जीएमच आहे, पण वरचे मजले वेगवेगळ्या नकाशाने बांधलेले आहेत. मिडीत बँक निवडण्यासाठी ० आणि ३२ या क्रमांकांचे दोन कंट्रोलर, म्हणजे दोन ठराविक सूचना, आहेत. एखाद्या आवाजाचे पोटभेद निवडताना जीएस मुख्यतः पहिल्यावर क्रमांक देते, तर एक्सजी दुसऱ्यावर. त्यामुळे एक्सजीसाठी बांधलेली फाइल जीएसच्या यंत्रावर लावली की पोटभेदाची सूचना भलत्याच दारावर जाते, आणि मग कोणी मूळ आवाजावर परत येतो, कोणी गप्प बसतो, कोणी तिसरेच काही वाजवतो. १९९९ मध्ये जीएम २ आले, त्यात तालवाद्यांची यादी २७ ते ८७ अशी वाढली. आमच्या ढोलकीला जागा त्यातही मिळाली नाही.

विंडोज संगणकात गेली कित्येक वर्षे एक छोटा सिंथेसायझर आयता बसवलेला येतो आणि त्याचे आवाज रोलँडकडून परवान्याने घेतलेले आहेत. संगणकावर मिडी फाइल दोनदा टिचकी मारून ऐकणारा बहुतेक वेळा तोच ऐकत असतो. लेखकमहाशयांनी गाणी जसेच्या तसे वाजल्याचा अनुभव घेतला असेल तर तो याच कारणाने, कारण साध्या जीएमच्या चौकटीत राहिलेली फाइल तिथे बरी वाजतेच.

मींड अडली ती तिसऱ्याच कारणाने. कीबोर्डच्या डाव्या बाजूचे जे चाक फिरवून आपण सूर ओढतो, त्याच्या सूचनेत सूर किती ओढायचा हे लिहिलेलेच नसते. चाक मधल्या जागेपासून किती फिरले एवढेच लिहिलेले असते. पूर्ण फिरवल्यावर किती अंतर जायचे हे घेणारे यंत्र ठरवते, आणि जीएममध्ये ते वर-खाली दोन दोन अर्धस्वर इतके गृहीत धरलेले आहे. सनईची मींड लांब असते म्हणून मी घरच्या कीबोर्डवर ते अंतर पाच अर्धस्वर करून ठेवले होते, पण ही गोष्ट कीबोर्डच्या पोटात राहिली, फाइलमध्ये आली नाही. षड्जापासून पाच अर्धस्वरांवर शुद्ध मध्यम आहे आणि दोन अर्धस्वरांवर शुद्ध रिषभ. अंतराची सूचना फाइलच्या आरंभी घालण्याची रीतसर सोय मिडीत आहे, तिला आरपीएन म्हणतात, आणि ती घालायला दोन मिनिटे लागतात. आपल्या संगीतात सूर ओढल्याशिवाय पान हलत नाही, तेव्हा निदान आपल्याकडच्या शिक्षकांनी ही गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकवायला हवी. मला ती कोणी शिकवली नाही, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना आजवर शिकवली नव्हती.

सप्तकांच्या नावांचाही एक घोळ आहे. ६० क्रमांकाच्या त्याच पट्टीला यामाहा सी ३ म्हणते, रोलँड सी ४ म्हणते आणि एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ती सी ५ दिसते. फोनवर एकमेकांना सूर सांगताना सप्तकाच्या नावाऐवजी पट्टीचा क्रमांक सांगितला की वाद उरत नाही.

लेखात स्टाइल किंवा रिदमच्या फाइली मिडीच्याच प्रकारात मोजल्या आहेत, हेही दुरुस्त व्हावे. लावणीची स्टाइल, भारुडाची स्टाइल, पोतराजाची स्टाइल अशा शेकडो फाइली पेनड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरून परभणी ते धाराशिव फिरत असतात आणि काही दुकानदार त्या पैसे घेऊन कीबोर्डात भरून देतात. डाव्या हाताने स्वरमेळ दाबला की यंत्राने साथ कशी बदलायची याचे नियम त्या फाइलमध्ये असतात आणि ते नियम प्रत्येक कंपनीचे खासगी आहेत. काही स्टाइल फाइलींच्या पोटात मिडीचा भाग असतो हे खरे, परंतु एका कंपनीची स्टाइल दुसरीच्या कीबोर्डवर चालावी अशी अपेक्षा कोणत्याही मानकाने दिलेली नाही. मिडी फाइलचे तसे नाही. तिचे ठराविक रूप १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वांना मान्य आहे.

लेखात जुन्या पाच टाचण्यांच्या मिडी तारेला कालबाह्य म्हटले आहे आणि यूएसबीची शिफारस केली आहे. घरात ती ठीक आहे. मांडवात मात्र जनरेटर, दिव्यांच्या माळा आणि ॲम्प्लिफायर एकाच लाइनवर असताना लॅपटॉप आणि कीबोर्ड यूएसबीने जोडले की बहुतेक वेळा स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू होतो. जुन्या तारेच्या घेणाऱ्या टोकाला प्रकाशाने संदेश पलीकडे नेणारा एक भाग असतो, त्यामुळे दोन यंत्रांचे विजेचे मार्ग एकमेकांना जोडले जात नाहीत. ज्यांनी ती तार ठरवली त्यांना मांडवाची कल्पना नसेल, पण तिची उपयुक्तता मला तिथेच पटली. स्वस्तात मिळणाऱ्या यूएसबी-मिडी केबलींचा आणखी एक दोष म्हणजे त्यांतल्या काही लांब संदेश अर्ध्यावर गाळतात, आणि यंत्राला जीएस किंवा एक्सजीच्या अवस्थेत आणणारे संदेश नेमके त्याच जातीचे असतात.

मिडी २.० आल्यामुळे हे प्रश्न सुटतील, असे लेखाच्या शेवटी सुचवले आहे. जानेवारी २०२० मध्ये मान्य झालेल्या त्या मानकाने पट्टी दाबण्याचा जोर ० ते १२७ ऐवजी सोळा बिटांत मोजता येतो आणि जोडलेली यंत्रे एकमेकांची चौकशी करू शकतात. ही मोठी सुधारणा आहे. तरीपण समोरच्या यंत्रात ढोलकीच नसेल तर चौकशी करून ती येणार कुठून?

म्हणून माझे सांगणे असे आहे की कीबोर्ड विकत घेताना पुस्तिकेच्या अखेरच्या पानांवरचा मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट दुकानातच उघडून पाहावा. त्यात प्रत्येक सूचनेपुढे गोल किंवा फुली असते. गोल म्हणजे यंत्र ती सूचना ओळखते आणि फुली म्हणजे ओळखत नाही. बँक निवड, टोन बदल, सूर ओढणे आणि आरपीएन या चार ओळी पाहायला एक मिनिट पुरते. दुकानदाराला हे पान ठाऊक नसण्याची शक्यता आहे, माझ्याही दुकानदाराला नव्हते. शाळेसाठी एकाहून अधिक कीबोर्ड घ्यायचे असतील तर ते एकाच विस्ताराचे, म्हणजे सगळे एक्सजीचे किंवा सगळे जीएसचे घ्यावेत, किंवा मग साध्या जीएमच्या चौकटीतच फाइली बांधाव्यात. आणि फाइल कोणाला देताना ती कोणत्या मानकासाठी बांधली हे तिच्या नावातच लिहावे. माझ्या लग्नातल्या फाइलच्या नावात फक्त 'सनई फायनल नवीन २' एवढेच होते.

राहिला ढोलकी-हलगीचा प्रश्न, आणि तो कंपन्यांनी सोडवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि त्यांच्या युवक महोत्सवांत दरवर्षी हलगी, संबळ, ढोलकी वाजवणारी मुले येतात. त्यांच्या हातचे बोल नीट ध्वनिमुद्रित करून त्यांचा एक साउंडफाँट विद्यापीठांनी सर्वांसाठी मोफत खुला करावा. साउंडफाँट म्हणजे आवाजांचे नमुने आणि त्यांचे पट्ट्यांवरचे स्थान एकत्र बांधलेली फाइल, आणि ती वाजवणारी मोफत सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. त्यासोबत आपल्या तालवाद्यांचा पट्ट्यांचा एक नकाशा ठरवून घ्यावा. जीएम २ ची यादी ८७ ला संपते, म्हणजे ८८ ते १२७ या चाळीस पट्ट्या त्या यादीच्या बाहेर आहेत. ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, टाळ यांचे मुख्य बोल त्यात बसतात. ज्या यंत्रात हा संच नसेल ते यंत्र बहुधा तिथे काहीच वाजवणार नाही, आणि अंतरपाटाच्या वेळी शिट्टी वाजण्यापेक्षा ते परवडले. एक अडचण आहे, ती लपवत नाही: ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ३६ ते ९६ एवढेच क्रमांक येतात, म्हणून हाताने वाजवताना सप्तक वर सरकवण्याचे बटण दाबून ठेवावे लागेल. ऑक्टोपॅडवाल्यांना तोही त्रास नाही, कारण कोणत्या पॅडने कोणता क्रमांक पाठवायचा हे त्यांना स्वतः ठरवता येते.

असा एक कच्चा नकाशा मी वहीत मांडला आहे. ढोलकी ८८ पासून आणि हलगी ९६ पासून, इथपर्यंत माझे समाधान आहे; संबळाच्या दोन भांड्यांचे किती बोल वेगळे धरावेत यावर तुळजापूरकडच्या गोंधळी मंडळींचे मत घेतल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आपण पुढच्या पुरवणीत लेखातल्या त्या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि शक्य असल्यास हा नकाशाही छापून जाणकारांच्या सूचना मागवाव्यात, अशी विनंती आहे. वहीचे ते पान मी सोबत जोडले आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक कीबोर्डवादक, परभणी